आत पाणी वाजलं पाहिजे

सकाळी साडेसातला, देवाला हात जोडायच्या आधी
मी फ्रिजचा पारा वाचते.
चार पूर्णांक दोन. वहीत लिहिते, सही करते.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको.
माणसांनाही असं आखून दिलं असतं तर
घणसोलीत निम्मी भांडणं झाली नसती.

काल रात्री वीज गेली, पावणेदोन तास.
गाऊनवर ओढणी टाकून आले, काचेतून पारा पाहिला,
दार उघडलं नाही.
दार उघडलं की थंडी निघून जाते,
रुसलेल्या पाहुण्यासारखी, चहा न घेता.

आणि जास्त थंडीही नको. ही लस गोठली की वाया.
म्हणून बर्फाची पाटी फ्रीजरमधून थेट डब्यात घालायची नाही.
आधी टेबलावर तिला घाम फुटू द्यायचा,
मग कानाशी धरून हलवायची.
आत पाणी वाजलं पाहिजे,
एवढंसं, जुन्या नारळात वाजतं तसं.

शिकाऊ प्रमिती विचारते, सिस्टर, इतकं कशाला?

मी तिला हिराआत्याचं सांगत नाही.
दिवाळे गावची हिराआत्या. खाडीचे निवटे विकायची.
डोक्यावर टोपली, आणि आवाज असा
की बेलापूरची पाचव्या मजल्यावरची गिऱ्हाइकं पायऱ्या उतरायची.
पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं,
तेव्हा तोच आवाज कुठं गेला कोण जाणे.
कपडे रात्री धुवायची.
वास येतो म्हटलं कुणी, तर म्हणायची, मासळीचा.
परळला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं:
हे गर्भाशयाचं मुख.
मुख!
मी सतराची होते. एवढंच कळलं
की तिथं एक तोंड होतं इतकी वर्षं
आणि आम्ही घरातले सगळे मिळून त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो.

अकरा वाजता दर्पणा आली. आठवीतली, वेणीला शाळेची रिबीन.
मागे आई, पदराचं टोक दातात.
"बाय, नंतर पोर व्हनार नाय, असा लोक बोलतान."
तसं काही होत नाही, मी म्हटलं,
ही सुई पोराची वाट अडवत नाही, आजाराची अडवते.
आणि आत्ताच द्यायची, तो आजार वाटेला लागायच्या आधी.

मग माझे प्रश्न. ताप?
आधी कुठल्या सुईनं गांधी उठल्या, धाप लागली?
सकाळी काही खाल्लंस?
"भाकरी नि सुकट."
वहीत सुकटीला रकाना नाही. नुसतं 'हो' लिहिलं.
"दुखेल?"
दुखेल. खोटं कशाला बोलू?
दोन दिवस हात जड वाटेल, दप्तर उजव्या खांद्यावर घे.
तिच्यासमोर नवी सिरिंज फोडली. डावा दंड. झालं.

आता अर्धा तास बाकावर. उठायचं नाही.
पोरी सुईनं पडत नाहीत, सुईच्या धास्तीनं पडतात,
आणि हजारात एखादीला खरंच काही होऊ शकतं म्हणून
औषधाचा ट्रे माझ्या हाताशी.
मी तिचा चेहरा बघत राहते. ओठ, डोळे, श्वास.
ती भिंतीवरची पाल बघते.
सलग अर्धा तास
हिराआत्याच्या चेहऱ्याकडे कुणी कधी बघितलं होतं?

वेळ संपता संपता आई सरकून जवळ आली.
"आन माज्यासाठी हाय का काय?"
तुझ्यासाठी आधी तपासणी, गुरुवारी ये.
हिलाही तिशीला यावंच लागेल,
सुई घेतली म्हणून तपासणी चुकत नाही.
बरं, म्हणाली. उठली. परत बसली.
पदर दातांतून सोडला.
"मंगं... मधीच लाल जातंय माझा. तीन म्हयने झालं."

बाहेर कुणीतरी लसीचं कार्ड मागत होतं.
प्रमितीला म्हटलं, तू बघ.
मी पेन खाली ठेवलं
आणि कान तिच्याजवळ नेला.